मुहूर्ताचं तांबं

"तांबं मिळेल का?"

वैशाखातली दुपार, कोपरापर्यंत वॉर्निशनं चिकट झालेले हात, आणि समोर तीन वाड्यांचे जळालेले पंप. मी वर न बघताच सांगितलं, "नाही."

"पण... हे सगळं तांबंच आहे ना?"

आता मात्र मान वर करावी लागली. उंच, सावळा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. डोळे इतके शांत, की ह्याच्यावर रागवावं तरी कसं असा प्रश्न पडावा. मी तरीही रागावले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कुठल्याही वाडीवाल्याला विचारा.

"हे मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळकी तार काढायची, नवी भरायची. भंगारवाला पुढच्या वळणावर."

"तिथूनच येतोय," तो म्हणाला. "नालासोपाऱ्यातले सगळे भंगारवाले पालथे घातले. तार मिळते, पाइप मिळतो, पत्रा मिळतो. मला जाड हवंय. ठोकळा." मग त्यानं पिशवीतून एक तांबूस तुकडा काढून अगदी जपून माझ्यासमोर ठेवला. "हा विरारला मिळाला होता. पण ह्याच्यावर करवतच चालेना."

दुकानात दोरीला बांधलेलं एक जुनं लोहचुंबक लोंबत असतं. मी ते नुसतं जवळ नेलं. टक्कन चिकटलं.

"लोखंड आहे. वरून तांब्याचं पाणी चढवलंय."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा इतका उतरला, की हसवेना.

"एवढ्या जाड तांब्याचं करायचंय काय? जादूटोणा?"

"कॉम्प्युटर थंड करायचाय."

मग उंबऱ्याशी उभ्या उभ्याच त्यानं समजावलं. त्याचं काम थ्रीडीचं. बिल्डर लोकांना अजून न बांधलेल्या इमारती बांधलेल्या करून दाखवायच्या. रात्रंदिवस मशीन तापतं, ते थंड ठेवायला आतले पंखे किंचाळतात. त्याऐवजी तापणाऱ्या भागावर तांब्याचा ठोकळा बसवायचा, ठोकळ्यात बारीक चरे पाडायचे आणि त्यातून पाणी खेळवायचं. तांबं उष्णता ओढतं, पाणी ती वाहून नेतं.

"विकत नाही मिळत?"

"मिळतं. पण माझ्या जुन्या मशीनला बसत नाही. आणि त्याच्याबरोबर पुन्हा पंखेच येतात. मला पंखाच नकोय."

"पंख्यावर एवढा राग?"

त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या फळीवर गेली होती, आणि तिथंच अडकली.

फळीवर पपांचा फोटो आहे. नरहरी मोटर वाइंडिंग ह्या पाटीतले नरहरी म्हणजे माझे पपा. फोटोखाली तांब्याची एक जाडजूड पट्टी, तळहाताहून जराशी लांब. पपा तरुणपणी वसईत ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा तिथल्या विजेच्या पॅनलमधली ही पट्टी त्यांनी मागून घेतली आणि तिच्यावर हळदकुंकू वाहून हे दुकान सुरू केलं. दर खंडेनवमीला सगळ्या हत्यारांच्या आधी तिची पूजा व्हायची. पपा तिला मुहूर्ताचं तांबं म्हणायचे. ते गेल्यावर मी पूजा चालू ठेवली, आणि दुकानही.

"ते विकायचं नाही," मी म्हटलं.

"मी मागितलं कुठं?"

"बघतोयस त्यावरून कळतं." अरेतुरे तोंडातून कधी निसटलं ते मलाच कळलं नाही.

तो जायला वळला आणि पायरीवर थांबला. "भाड्यानं?"

"भाड्यानं तांबं? ती काय सायकल आहे?"

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. फार नाही, जरासंच. तो गेल्यावर बराच वेळ मी एकाच मोटरीत तार भरत होते आणि वेटोळी चुकत होते.

नंतरच्या आठवड्यात तो एक इवलासा पंप घेऊन आला, कूलरमधला. म्हणाला, "आवाज करतो. गप्प करता येईल?"

"पंपाला की मला?"

"तुला गप्प करायला वेगळा कारागीर लागेल."

वाडीवाल्यांपैकी कुणी असं बोललं असतं, तर मी पक्कडच फेकून मारली असती. इथं मी पंप उघडून त्यात तोंड खुपसलं, म्हणजे चेहरा दिसू नये. त्याचं नाव प्रितेश, गाव जूचंद्र. खाडीकडची त्यांची जुनी भातशेती. हे सगळं त्यानं सांगितलं, पंख्याचं तेवढं सांगितलं नाही. ते मला कळलं पंप पोचवायला त्याच्या घरी गेले तेव्हा. तो घ्यायला येणारच होता, पण मला त्या बाजूला काम होतं. म्हणजे... काढलं होतं.

घर लहानसंच. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली खाट, खाटेवर त्याचे वडील हरेश्वरकाका. अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचाही गेलेली. चांगला हात तेवढा गोधडीवर शांत पडला होता. पायथ्याशी टेबलावर प्रितेशचं मशीन.

"ये पोरी, बस," त्याची आई म्हणाली. रंभाकाकी. "पानी देतंय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावते न लावते तोच मशीननं कसलंसं मोठं काम हातात घेतलं असावं. आतले पंखे एकदम चढले. घूं... घूं... आणि त्या आवाजासरशी काकांनी डोळे उघडले. चांगल्या हातानं खाटेची पट्टी गच्च धरली. उठायला बघू लागले, घशातून कसलासा आवाज काढू लागले, अर्धं शरीर खाटेबाहेर आलं. प्रितेशनं धावत जाऊन आधी मशीन बंद केलं, मग त्यांना धरलं. काकांच्या कपाळावर टाक्यांची ताजी खूण होती, ती मला तेव्हा दिसली.

"त्यांना वाटतंय खांड गेली," काकी हलक्या आवाजात म्हणाली. "खाडीचा बांध फुटला का असाच आवाज येतं. मग रात असो का दिस, सगल्या गावानं धावाचा, चिखल टाकाचा. नायतर शेतान खारा पानी. आयुष्यभर तेच केला गो त्यांनी. आता पाय नाय, तरी उठतान."

परत निघाले तेव्हा प्रितेश गल्लीच्या तोंडापर्यंत आला.

"ऑफिसनं सांगितलंय, घरून काम वेळेवर होत नसेल तर ऑगस्टपासून बंगळुरूला हजर व्हा. दिवसातून दहादा मशीन बंद केल्यावर होणार कसं?" तो हातातली चावी उगाच फिरवत होता. "आणि मी गेलो तर त्यांना उचलणार कोण? आईला एकटीला उचलत नाय."

"नोकरी सोड."

"मग औषधं?"

मी स्कूटर सुरू केली. घरी येईपर्यंत स्कूटरवर मला एकच ऐकू येत होतं, घूं... घूं... आणि त्यात खाटेची पट्टी धरलेला तो हात.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. आनंदीबाई म्हणजे माझी आई बोलायची कमीच. ताट उचलता उचलता म्हणाली, "पपांचं आहे. त्यांना आवडलं असतं का, एवढाच विचार कर."

मला फार विचार करावा लागला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वाडीत पाणी शिरलं की पपा रात्री-अपरात्री पंप चालू करून द्यायला जायचे. कुणाच्या घरात पाणी शिरतंय म्हटल्यावर ते चप्पल शोधायलाही थांबत नसत.

दुसऱ्या दिवशी प्रितेशला बोलावलं. पट्टी फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. तो बघतच राहिला.

"हे... नको, दिशा. हे तुझ्या पपांचं—"

"विकत नाहीये. भाड्यानंही नाही. एकच अट आहे. खंडेनवमीला हे इथं आलं पाहिजे. पूजेला."

"म्हणजे मशीनमधून काढून?"

"त्या दिवशी हत्यारांना विसावा असतो. तुझ्या मशीनलाही मिळू दे."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

तो पट्टीकडे बघत सावकाश म्हणाला, "म्हणजे मला वसई सोडून कुठं जाता येणार नाय."

"ते तुझं तू बघ," मी म्हटलं, आणि उगाचच झाडू घेऊन स्वच्छ फरशी झाडायला लागले.

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पपांचे जुने मित्र मार्सेलकाका मिलिंग मशीन चालवतात. आम्ही दोघं पट्टी घेऊन गेलो. काकांनी ती लगेच ओळखली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "नरहरीच्या तांब्यावर मी कटर चालवू? पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चालवा काका. मी बाहेर थांबते."

बाहेर थांबले खरी, पण कटरचा पहिला आवाज झाला आणि मी दाराकडे पाठ फिरवली. तांबं मऊ असतं. कटरला चिकटतं, ओरबाडलं जातं, म्हणून वरून रॉकेलचे थेंब सोडत फार हळू कापावं लागतं. मला वाटलं होतं झटकन होईल. प्रितेश आत बघायचं सोडून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, आणि आतलं काम संपेपर्यंत त्यानं तो काढला नाही.

शेवटी काकांनी तळहाताएवढा ठोकळा आणून दिला. पोटात बारीक सरळ चरे, वरून पारदर्शक झाकण, पाणी यायला-जायला दोन तोंडं. त्याच्याबरोबर कागदाची एक पुडी. पुडीत तांब्याचा सगळा कीस होता. "हाही नरहरीचाच," ते म्हणाले. "केरात कसा टाकू?"

ठोकळ्याची खालची बाजू मशीनच्या तापत्या भागावर टेकते. ती आरशासारखी सपाट हवी, मध्ये केसभर फट राहिली तरी उष्णता अडते. प्रितेशनं काचेवर पॉलिश पेपर पसरून ती कित्येक संध्याकाळी घासली. एके दिवशी फोटो पाठवला, तांब्यात त्याच्या खिडकीचे गज दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'उद्या बसवतो. ये.'

मी गेले तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. प्रितेश भिंतीला टेकून बसलेला. रंभाकाकी दाराआड डोळ्यांना पदर लावून. टेबलावर ठोकळा, नव्या कळशीसारखा लखलखीत.

"पावसाली हवा, काला डाग पडलेला त्याच्यावर," काकी म्हणाली. "तू येनार. दुसऱ्याचा तांबा असा काला कसा दाखवाचा? म्हनून चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासला. देवाची भांडी घासतंय तसा. मना काय ठाऊक गो..."

मी ठोकळा उलटा केला. खालच्या बाजूवर राखेचे ओरखडे, आडवे-उभे, गोल-गोल. चऱ्यांच्या तोंडाशी चिंचेचा चोथा. महिन्याभराच्या मेहनतीवर बोळा फिरला होता. त्यात ऑगस्ट तोंडावर आलेला.

माझा स्वभाव ठाऊक असल्यामुळे प्रितेश श्वास रोखून बघत होता. मलाही वाटलं, आता अंगाचा तिळपापड होणार. पण काकीचे हात दिसले. बोटांची पेरं चिंचेनं पांढरी पडली होती. माझ्या पपांची वस्तू तिनं देवाच्या रांगेत बसवली होती. त्यावर राग येतो का कुणाला?

"काकी," मी म्हटलं, "इतकं चमकवायला मला नसतं जमलं. खालची बाजू तेवढी आम्ही पुन्हा करतो."

पावसाळ्यात वाडीतले पंप बंद असतात आणि माझं दुकान रिकामं. काच आम्ही तिथंच मांडली. चार बोटांच्या त्या ठोकळ्याला दोन माणसांची खरं तर गरज नसते. पण एकानं घासायचं, दुसऱ्यानं पाणी सोडायचं, असं ठरलं. बाहेर आषाढाची झड लागलेली. पत्र्यावर पावसाचा एकसुरी आवाज, काचेवर तांब्याची हलकी सर्र... सर्र... दर थोड्या वेळानं तो ठोकळा पुसून दिव्यासमोर धरायचा.

"काय दिसतं?" मी विचारायची.

"अजून काय नाय. धुकं."

मग पुन्हा सर्र... सर्र...

"जोर नको देऊस, एका बाजूला झिजेल."

"तू आधी पाणी सोड ना. बघत काय बसतेस?"

"मी कुठं बघते?"

"बघतेस त्यावरून कळतं," तो म्हणाला. माझंच वाक्य मला परत! मी बाटलीतलं पाणी काचेऐवजी त्याच्या हातावरच सोडलं.

एका संध्याकाळी त्यानं ठोकळा पुसला, दिव्यासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला.

"काय दिसतं?"

"तू."

मी वाकून पाहिलं. तांब्यात माझा चेहरा होता, लालसर, जरा पसरट, आणि त्याच्या मागे त्याचा. दोघंही हललो नाही. मग वाडीवाल्या विलासदादाचा टेम्पो हॉर्न वाजवत दारात आला आणि जळकी मोटर उतरवा म्हणून ओरडायला लागला. त्या मोटरीचं काम मी मुद्दाम आठवडाभर रखडवलं.

शेवटी श्रावण लागायच्या आत ते जुळलं. पाणी थंड करायला प्रितेशनं जुन्या एसीची तांब्याची जाळी मिळवली होती. ती खिडकीबाहेर पावसात टांगली. पंप मी स्वतः बसवला, खाली रबर घालून, वायसर बदलून. नळ्या जोडल्या. कुठं गळत नाही ना हे बघायला काकी प्रत्येक जोडाखाली कागद धरून बसली. मग प्रितेशनं मशीन चालू केलं आणि सगळ्यांत अवघड काम त्याच्यावर सोपवलं.

आम्ही तिघंही काकांकडे बघत होतो.

काही झालं नाही. पंपाची जेमतेम गुणगुण, खिडकीबाहेर जाळीवर टपटपणारा पाऊस. पडद्यावर कुठलीशी इमारत मजल्यामागून मजला उभी राहत होती, अगदी चोरपावलांनी. काका छताकडे बघत होते. मग त्यांच्या पापण्या जडावल्या. गोधडीवरचा हात सैल झाला. थोड्या वेळानं ते घोरायला लागले, आणि खोलीतला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा झाला. काकीचा जीव भांड्यात पडला. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

प्रितेश माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता. त्यानं माझी करंगळी धरली. वॉर्निशनं खरखरीत झालेली माझी करंगळी... मला तिची लाज वाटली आणि सोडवावीशीही वाटेना.

"दिशा," तो म्हणाला, "मला तुला एक—"

"शू..." मी ओठांवर बोट ठेवलं. "काका झोपलेत."

तो हसला आणि गप्प बसला. मला वाटलं, घाई काय आहे? सांगेल की.

काका आणखी दीड महिना होते. ते दिवस त्या घराचे सुखाचे गेले, असं काकी अजून म्हणते. ते पोटभर झोपत, जागे झाले की पडद्यावरच्या इमारती बघत. मी गेले की चांगला हात उचलून जाळीकडे दाखवत, पाणी चालू आहे ना म्हणून. बंगळुरूचा विषय बंद झाला होता. गौरी-गणपती झाले आणि भाद्रपदाच्या मध्यावर एका पहाटे ते झोपेतच गेले. मशीन रात्रभर चालू होतं. प्रितेश खाटेपासून दोन हातांवर काम करत बसला होता, आणि त्याला कळलं नाही.

दिवस झाले, कार्य झालं. मी जाऊन आले. तो माझ्याशी बोलला, म्हणजे चहा घे, बस, आई आत आहे, एवढंच. डोकं भादरलेलं, नजर कुठंतरी भिंतीवर. ज्या खोलीत आता कितीही मोठ्यानं बोललं तरी चाललं असतं, तिथं आम्हा दोघांना शब्द सापडत नव्हते. मग तो दुकानात यायचा थांबला. मार्सेलकाका येऊन सांगून गेले, "बंगळुरूवाल्यांनी पुन्हा विचारलंय त्याला. आता अडकून राहायला आहे काय इथं?"

खरंच. काय होतं? वडिलांच्या झोपेसाठी त्यानं शांतता मागितली होती, ती मी दिली. स्वतःसाठी त्यानं काहीच मागितलं नव्हतं. मागायला गेला, तर मीच शू म्हणाले होते.

खंडेनवमीला सकाळी मी दुकान धुतलं. पाट मांडला. वाइंडिंगचं मशीन, पकडी, हातोड्या, टेस्टर, सगळं ओळीनं ठेवलं. झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. मधली जागा मोकळी ठेवली.

आईनं ती बघितली. "त्यांच्या घरी वर्षभर सण नाही, दिशा. तो कसा येईल?"

"माहीत आहे," मी म्हटलं. जागा मात्र भरली नाही.

दुपार टळली. मी कुंकवाची डबी उघडत होते, बंद करत होते. शेवटी ठरवलं, आता उरलेली पूजा करून टाकू. आणि पायरीवर सावली पडली.

केस नुकते उगवू लागलेले. अंगात पांढरा सदरा. त्यानं चप्पल काढली, पण पाय आत टाकला नाही. हातात काकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला ठोकळा होता.

"मी पूजा नाय करत," तो म्हणाला. "आमचं वर्ष नाय झालं. तू अट घातली होतीस, म्हणून आणलंय. आईनं विचारलंय, आता चिंच लावली तर चालेल का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. ठोकळा घेतला, मोकळ्या जागेवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पपांकडे बघायचा धीर झाला नाही.

"बस," मी म्हटलं.

"आत?"

"पायरीवर बसायला वर्ष पुरं व्हावं लागत नाही."

तो बसला. रस्त्यानं रिक्षा, टेम्पो, टँकर जात होते. मी उंबऱ्याच्या आत, तो बाहेर.

"बंगळुरूचा फोन आला होता."

"मग?"

"सांगितलं, आज मशीन बंद आहे. त्याचं तांबं पूजेला गेलंय."

"आणि उद्या? उद्या न्यायला येशील ना?"

त्यानं पायरीवरची एक पाकळी उचलली. मग म्हणाला, "नाय. उद्या न्यायला येणार नाय."

मला नेहमीसारखा रागच आला, तो मला लवकर सापडतो. "मग तोंडानं सांग ना, जातोय म्हणून! फडक्यात गुंडाळून काय सांगतोस? सरळ सांग—"

"दिशा, ऐक—"

"काय ऐकू? पाच महिने ऐकतेच आहे—"

"घरात मला काम होत नाय," तो म्हणाला. आवाज फुटला त्याचा. "खाट काढली, तरी तिथं बसलो की वाटतं, बाबा झोपलेत. चमचा पडला तरी दचकतो. पावलं न वाजवता चालतो. मग आठवतं, की आता कोणाची झोप मोडणार आहे? दिशा, ती शांतता मला सोसवत नाय. आई बोलली, माणसांत जाऊन बस." त्यानं रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. मार्सेलकाकांचा टेम्पो झाडाखाली उभा होता. मागे गोधडीत बांधलेलं मशीन, आणि त्याच्यावर एसीची ती जाळी. "तांबं इथलं आहे. ते न्यायचं, पुन्हा आणायचं... त्यापेक्षा मशीनच इथं आणलं. दुकानामागची ती खोली रिकामी आहे ना? भाड्यानं..."

"भाड्यानं नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. अगदी त्या पहिल्या दुपारसारखा, लोहचुंबक चिकटलं होतं तेव्हा उतरला होता तसा. मला ते बघवेना.

"आधी एक सांग. श्रावणाच्या तोंडाला काय सांगणार होतास? माझी करंगळी धरून?"

तो खाली बघायला लागला. हलकेच काहीतरी पुटपुटला. नेमका तेव्हाच टँकर गेला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांग, प्रितेश. इथं कोणी झोपलेलं नाही."

त्यानं वर पाहिलं. डोळे भरून आले होते. आणि मग भर रस्त्याच्या आवाजात, रिक्षावाल्यांच्या देखत, दुकानातून आईनं डोकावून बघावं इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, "तू मला आवडतेस! तुझ्याशिवाय मला नाय जमणार!"

एवढ्या मोठ्यानं तो त्या घरात कित्येक महिन्यांत बोलला नसेल. बोलला आणि ढसाढसा रडायला लागला. मी उंबरा ओलांडून त्याच्याशेजारी पायरीवर बसले. आमच्या खांद्याला खांदा लागला.

"मलाही," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. तेव्हा वेटोळी चुकली होती माझी."

थोड्या वेळानं मार्सेलकाकांनी टेम्पोतून हॉर्न दिला. सामान उतरवायचं की परत न्यायचं, असं ओरडून विचारलं. मी आत जाऊन कुंकवाची डबी उचलली आणि रस्ता ओलांडायला निघाले.

"अगं, आमचं वर्ष—" प्रितेश मागून म्हणाला.

"ते माणसांना असतं. हत्यारांना नाही."

मी गोधडी बाजूला केली आणि मशीनवर हळदकुंकवाची दोन बोटं ओढली.